भिंतीपलीकडचा रगडा

१९७४ सालच्या मे महिन्यातली ही सकाळ. रेल्वेचा संप सुरू होऊन दुसरा आठवडा लागला होता. मी बिडाच्या तव्यावर पहिली आंबोळी घातली, वर झाकण ठेवलं आणि तेवढ्यात दार वाजलं. दोनदा टकटक, मग थांबून एकदा. ही टकटक मी झोपेतही ओळखली असती. भिका कॉलमन असाच दार वाजवायचा.

पण संपात कॉलमनचं काय काम?

मालगाडीच्या ड्रायव्हरच्या ड्यूटीला वेळकाळ नसतो. गाडी तयार झाली की कॉलमन सायकलवरून येतो, दार वाजवतो, आणि त्यानंतर थोड्याच वेळात माणूस इंजिनावर हजर लागतो. तेवढ्यात त्याची आंघोळ, कपडे आणि पुढच्या अख्ख्या दिवसाचा डबा. लग्न होऊन मी परुळ्याहून खानदेशातल्या या जंक्शनला आले तेव्हा पहिले काही महिने माझी नुसती तारांबळ उडायची. कणीक मळेपर्यंत हे बूट घालून उभे. मग मला आईची आठवण झाली. आमच्याकडे आंबोळीचं पीठ आदल्या दिवशी वाटून ठेवायचे आणि सकाळी पाहुणे आले, माणसं शेतावर निघाली, पोरं शाळेला निघाली, की तव्यावर घालत राहायचं. तेव्हापासून माझ्या घरात आंबोळीचं पीठ नाही असा दिवस गेला नाही. कॉल केव्हाही येवो, शेगडीवर तवा चढला की डबा तयार. भिकालाही दारातच एक गरम आंबोळी हातावर मिळायची. ती खाऊनच तो पुढच्या घरी जायचा.

खानदेशातल्या उन्हाळ्यात मात्र हे पीठ फार जपावं लागे. कोकणात रात्रभर लागेल ते काम इथली हवा काही तासांत करून टाकते. मी मोरीजवळ ओल्या वाळूत टोप पुरून ठेवायची, तरीही सकाळी पीठ झाकण उचलून वर आलेलं असायचं. आणि दुपारपर्यंत ते असं आंबायचं की गाईलाही घालता येऊ नये. म्हणजे जे भिजवायचं ते सकाळी संपेल एवढंच भिजवायचं.

त्या दिवसांत घरात आम्ही दोघीच होतो. मी आणि माझी चार वर्षांची शैला. आणि टोप मात्र काठोकाठ भरलेला होता.

कारण हे आणि यांचे तीन सोबती यार्डापलीकडच्या केळीच्या मळ्यात, पंपाच्या खोलीत लपलेले होते. यांच्या नावाचं वॉरंट निघालं होतं. पंपाच्या खोलीत चूल पेटवायची सोय नव्हती, धूर दिसला असता. मळ्याच्या राखणदाराची बायको रुखमा रोज सकाळी कॉलनीत भाजी विकायला यायची. परत जाताना तिच्या रिकाम्या टोपलीत, केळीच्या पानात बांधलेल्या आंबोळ्या असायच्या. वर भाजीचा पाला. एवढंच त्या चौघांचं खाणं होतं. हे सापडले असते तर बाकीचे तिघंही सापडले असते, आणि पकडलेल्या माणसांना कुठल्या तुरुंगात नेतात तेसुद्धा त्या दिवसांत घरच्यांना कळत नव्हतं.

मी दार उघडलं. भिका खाली मान घालून उभा होता. त्याच्या मागे एक फौजदार आणि दोन शिपाई.

भिकाचा मला राग आला नाही, असं म्हणणार नाही. पण कॉलनीतलं कोणतं घर कोणाचं, हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. संपवाल्यांची घरं दाखवायला त्यालाच धरून फिरवत होते. त्याचे डोळे सुजलेले दिसत होते.

"ड्रायव्हर पेडणेकरांचं घर?" फौजदारांनी विचारलं. मी मान हलवली. ते अजून काही विचारणार तेवढ्यात त्यांनी श्वास आत ओढला आणि त्यांचा चेहराच बदलला.

"आंबोळी?"

मी हो म्हटलं.

"तुमी खंयच्या गो, वैनी?"

इतक्या दिवसांत माझ्या बोलीतलं वाक्य कोणी माझ्याशी बोललं नव्हतं. हे असते तर बोलले असते. माझ्या तोंडून आपोआपच गेलं, "परुळ्याची."

"मी राऊळ. सावंतवाडेचो." ते हसले. माणूस पन्नाशीकडे झुकलेला होता, आवाज मऊ. त्यांनी दारातच बूट काढले. झडतीला आलेल्या पोलिसानं बूट काढलेले मी तेव्हाच पाहिले, आणि खरं सांगते, त्या बुटांनीच मला जास्त घाबरवलं. शिपायांनी दोन्ही खोल्या पाहिल्या, ट्रंका उघडल्या, कोळशाच्या खोपटात काठी घालून पाहिली. तिथं काही नव्हतंच. राऊळ मात्र स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून माझ्याशी गावच्या गोष्टी बोलत राहिले. आमच्या देवळाची जत्रा, त्यांची आवस म्हणजे आई, तिच्या हातची आंबोळी. शैला त्यांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी तिला विचारलं, "बाबा खंय गेले?"

माझा हात उलथन्यावरच थांबला.

"गाडी घेऊन गेले," शैला म्हणाली. तिच्या हिशेबी तिचे बाबा घरी नसले की गाडीच घेऊन गेलेले असत. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. राऊळांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मग त्यांनी आंबोळी मागितली. मी ताटलीत घालून दिली, वर थोडी लसणाची चटणी, आणि तव्यावर दुसरी घातली. त्यांनी चटणी बाजूला केली आणि नुसतीच आंबोळी तोडून खाल्ली, अगदी हळू. खाताना ते माझ्याकडे बघत नव्हते. वाळूतल्या टोपाकडे बघत होते.

"आवस माझी अशीच करी," ते म्हणाले. "जाळी कशी सुंदर पडली हा." मग बोली सोडून ते साध्या मराठीत आले. "पण वैनी, एक विचारतो. या उन्हाळ्यात हे पीठ दुपारपर्यंत तरी टिकेल का?"

मी तव्याखालचे निखारे सारखे केले.

"नाही टिकणार. म्हणजे आत्ता सकाळीच संपवायचं. घरात तुम्ही आणि ही एवढीशी पोर." त्यांनी ताटली खाली ठेवली. "मग एवढं पीठ कोणासाठी भिजवलं?"

शेजारणींसाठी म्हणावं तर कोणत्या, ते विचारलं असतं, आणि कॉलनीतल्या साऱ्याच शेजारणींचे नवरे संपावर होते. जिचं नाव घेतलं असतं तिच्या दारात शिपाई गेले असते. सवयीनं जास्त भिजलं म्हणावं तर सवयीनं किती जास्त भिजतं, हे त्यांच्यासारख्या माणसाला सांगायला नको होतं. दुसरा कोणी फौजदार असता तर पिठाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नसतं. माझ्या नशिबी माझ्याच मुलखातला आला होता.

"तू सांग," राऊळ भिकाकडे वळून म्हणाले. "तू रोजचा येणारा. एवढं पीठ असतं यांच्याकडे?"

भिकानं त्या टोपाकडे पाहिलं. त्याच टोपातलं त्यानं वर्षानुवर्षं खाल्लं होतं. म्हणाला, "मी दारावरचा माणूस, साहेब. आत काय शिजतं ते मला कसं दिसावं?"

राऊळ उठले. "वैनी, खरं सांगा. मी गावचा म्हणून विचारतो. दुसरा कोणी असं बसून विचारणार नाही."

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला. "झालं का वं पीठ? का आजचा दिवस उपाशी ठेवते आम्हांले?"

द्वारकाताई.

आता ही द्वारकाताई कोण ते सांगायला हवं. आमची भिंतीला भिंत. तिचे यजमान फालक, गार्ड होते. संपाची हाक आली तेव्हा सगळी कॉलनी घरी बसली, पण फालक गार्ड हिरवा-लाल झेंडा काखेत मारून ड्यूटीवर गेले. का गेले ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या दाराच्या कडीला कोणीतरी बांगड्या बांधून गेलं. नळावर बायका द्वारकाताईची बादली पायानं मागे सारायच्या. तिच्याशी बोलणं सगळ्यांनी टाकलं, तसं मीही टाकलं.

टाकलं म्हणजे पंक्तीतलं पान उचलावं तसं एकाएकी. त्याआधी आमचं एकमेकींवाचून चालत नव्हतं. माझं पीठ वाटायचा रगडा तिच्याच अंगणात होता. त्यांच्या आधी त्या घरात राहणाऱ्या एका मद्रासी ड्रायव्हरनं बदली झाल्यावर तो जड धोंडा तिथंच सोडला होता. द्वारकाताईला त्याचा काही उपयोग नव्हता. ती त्यावर बसून भांडी घासायची. मी रोज जाऊन त्यावर पीठ वाटायची आणि ती समोर बसून मला चिडवायची. आंबलेलं, नासलेलं खाणारी माणसं कुठून आणली रेल्वेनं, म्हणायची. एकदा मी तिला बळेच आंबोळीचा घास भरवला तर तिनं तो केळीच्या बुंध्यापाशी जाऊन थुंकला आणि तोंडात ठेचा घालून बसली. तिच्या घरी कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर आणि मिरचीचा ठेचा. आंबट वास आला तरी तिला मळमळायचं.

बोलणं बंद झाल्यापासून तिच्या अंगणात कसं जाणार? मी घरातच पाट्यावर वरवंट्यानं वाटत होते. एवढं पीठ पाट्यावर वाटायचं म्हणजे संध्याकाळ संपायची आणि हात खांद्यातून निखळून यायचा.

तीच द्वारकाताई हातात रिकामा टोप घेऊन माझ्या मागच्या दारात उभी होती. डोक्यावर पदर, आणि कपाळावर आठ्या.

राऊळांनी विचारलं, "तुम्ही कोण?"

"शेजारीण. फालक गार्डाची घरवाली." हे तिनं जरा मोठ्यानंच सांगितलं. फालक हे नाव त्यांना माहीत होतं. ड्यूटीवर असलेल्या मोजक्या माणसांची नावं पोलिसांना पाठ असत.

"हे पीठ तुमचं?"

"निम्म्याहून जास्त माहं. तिचं ते काय, पोरीपुरतं. आमच्या यांना आता दुहेरी ड्यूटी करावी लागते, साहेब. बाकीचे सारे घरी बसले. कॉल कधी येईल नेम नई. भाकरी थापत बसायला टाईम कुठं आहे? म्हणून हिच्याकडून पीठ नेते."

राऊळ हसले, पण डोळ्यांनी नाही. "मला तर असं कळलं होतं की संपवाल्यांच्या बायका तुमच्याशी बोलतसुद्धा नाहीत."

"नईच बोलत."

"मग पीठ कसं देतात?"

"पीठ द्यायला बोलावं कशाला लागतं?" द्वारकाताई म्हणाली. मग माझ्याकडे वळली आणि तिनं असा आवाज काढला की मला क्षणभर ते खरंच वाटलं. "मीठ घातलं का त्यात, का तुह्यासारखं तेही संपावर गेलं?"

एक शिपाई फिसकन हसला. मी खालच्या मानेनं सांगितलं, "मीठ आयत्या वेळी घालायचं असतं."

"हो का. काल नई सांगितलं."

राऊळांनी तव्याकडे पाहिलं. दुसरी आंबोळी तव्यावरच होती, मघापासून कोणी तिच्याकडे बघितलंच नव्हतं. ती खालून लालसर झाली होती. त्यांनी स्वतः उलथन्यानं ती काढली, ताटलीत ठेवली आणि ताटली द्वारकाताईपुढे धरली.

"खाऊन बघा," ते म्हणाले. "नेहमीसारखी झाली आहे का, सांगा."

भिकानं मान वर केली. त्यालाही माहीत होतं. फालक गार्डाच्या डब्यात काय असतं हे भिकाला माहीत नसणार तर कोणाला? आणि पीठ रात्रीच झाकण उचलून वर आलेलं. म्हणजे आंबोळी चांगलीच आंबट होती.

द्वारकाताईनं टोप कमरेवर घेतला, एका हातानं आंबोळी उचलली आणि दुमडून तिचा मोठा घास घेतला. चटणीसुद्धा लावली नाही. मी तिच्या गळ्याकडे बघत होते. घास खाली उतरला. दुसरा घेतला. तिसरा. सबंध आंबोळी तिनं तशीच उभ्या उभ्या संपवली. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही. मग बोटं चाटली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आज जरा आंबट कमी आहे. उन्हात ठेवत जा."

राऊळांनी रिकामी ताटली खाली ठेवली.

"मग घेऊन जा तुमचं पीठ," राऊळ म्हणाले. "सगळं. माझ्यासमोर."

ते असं का म्हणाले, माझ्या लगेच लक्षात आलं. पीठ खरंच तिचं असेल तर जाऊ दे. नसेल तर ज्यांच्यासाठी ते आहे त्यांना आज काही मिळणार नाही, आणि उपाशी माणसं फार दिवस लपून राहत नाहीत. मी वाळूतून टोप काढला आणि द्वारकाताईच्या टोपात पीठ ओतलं. ते इतकं फुगलेलं होतं की ओतताना त्याचा आवाजच झाला नाही. ती पाठ वळवून चालती झाली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

राऊळांनी बूट घातले. एका शिपायाला त्यांनी समोरच्या निंबाखाली बसवलं, तो संध्याकाळपर्यंत तिथंच राहील म्हणाले. निघताना दारात थांबले आणि पुन्हा आमच्या बोलीत आले.

"वैनी, फाल्यांपासून पीठ वायच कमी भिजवा."

उद्यापासून पीठ जरा कमी भिजवा, एवढंच. तो सल्ला होता की इशारा, ते मला अजून कळलेलं नाही.

ते वळणावरून दिसेनासे झाले आणि तेवढ्यात रुखमाची हाळी आली. गवार, वांगी, मेथी. ती नेहमीप्रमाणे माझ्याच दाराकडे येत होती, टोपली डोक्यावर, निंबाखालचा शिपाई तिला अजून दिसला नव्हता. ती माझ्या पायरीवर बसली असती आणि सवयीनं टोपली माझ्याकडे सरकवली असती, तर सगळंच संपलं असतं. मला दारात जाऊन नको म्हणायचं सुचेना.

"रुखमा वं," पलीकडून आवाज आला. "तिकडं कुठं चालली? तिच्याकडे काय आहे आज? इकडं ये. मला वांगी दाखव, भरताची."

रुखमा थबकली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग निंबाकडे, आणि मुकाट्यानं द्वारकाताईच्या पायरीकडे वळली.

मी शैलाला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसले. पलीकडून तवा शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला. मग चर्र. तो माझा ओळखीचा आवाज होता. मग उलथन्याची खरखर, कारण तिचा तवा भाकरीचा, त्याला आंबोळी चिकटणारच. पहिली तिनं खरवडून काढली असावी. मग पुन्हा चर्र. रुखमाशी ती वांग्याच्या भावावरून भांडत होती. एवढंसं वांगं आणि एवढा भाव, तुह्या मळ्यात काय सोनं पिकतं का, असं काहीबाही. आणि मधूनमधून चर्र, चर्र. मी मोजत नव्हते, पण टोप रिकामा होईपर्यंत तो आवाज थांबला नाही. निंबाखालचा शिपाई विडी ओढत बसला होता. गार्डाच्या घरी स्वयंपाक चालला आहे, यात त्याला काय नवल?

थोड्या वेळानं रुखमा माझ्या दारावरून गेली. टोपलीत मेथीचा पाला होता. ती पाल्याखालच्या वजनानं जरा जपून चालली होती.

दुसऱ्या दिवशी भाजी निवडून देता देता तिनं यांचा निरोप सांगितला. कालच्या आंबोळ्या कोणी केल्या, असं त्यांनी विचारलं होतं. भाकरीएवढ्या जाड होत्या आणि प्रत्येकीच्या आत ठेचा भरलेला होता. चौघांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण एक तुकडा उरला नाही.

मी काय निरोप देणार? मी त्या दिवशी मूठभरच भिजवलं होतं, शैलापुरतं.

आणि आदल्या संध्याकाळीच, अंधार पडायच्या आत, पलीकडच्या अंगणातून घरघर ऐकू आली होती. रगडा फिरत होता. पहिल्यांदा अडखळत, थांबत, मग हळूहळू एका लयीत. आंबट वासानं मळमळणारी ती बाई तांदूळ-उडीद वाटत होती. माझ्या सकाळच्या पिठाचं थोडं विरजण तिनं ठेवलं असावं. मी कान देऊन बसले. वाटणारीला दुसरीच्या वाटण्यावरून अंदाज येतो. ते पीठ दोघा नवराबायकोचं नव्हतं. चांगलं सहा जणांचं होतं.

संप मिटेपर्यंत तो रगडा रोज फिरला. रुखमा रोज तिच्या पायरीवर भावावरून भांडली. निंबाखालचा शिपाई दोन दिवसांनी उठून गेला. द्वारकाताई आणि मी मात्र एकदाही एकमेकींशी बोललो नाही. नळावर बायका तिची बादली मागे सारायच्या तेव्हा मी काही बोलू शकत नव्हते. बोलले असते तर का, असा प्रश्न आला असता. ती मुकाट्यानं बादली उचलून मागे जाऊन उभी राहायची.

संप मागे घेतला गेला आणि हे घरी आले. पकडले गेले नाहीत, पण नोकरी गेली. क्वार्टर सोडावं लागलं. गावात एका खोलीत आम्ही बिऱ्हाड केलं. पुढची तीन वर्षं मी आंबोळीचं आणि इडलीचं पीठ करून विकलं आणि त्यावरच घर चाललं. ज्या बायकांना सकाळी वेळ नसायचा त्या डबा घेऊन आदल्या संध्याकाळी यायच्या.

ते पीठ मी कशावर वाटलं, ते सांगते. खोलीत जाऊन आठवडा झाला नसेल. दुपारच्या उन्हात फालक गार्ड हातगाडी ढकलत आले. अंगावर गणवेश, गाडीवर तो धोंडा. सगळ्या कॉलनीतून, भर रस्त्यानं त्यांनी तो आणला होता. ड्यूटीवर राहिलेला गार्ड बडतर्फ ड्रायव्हरच्या दारात. यांनी पुढे होऊन हात लावला. दोघांनी मिळून रगडा उतरवला. फालक घाम पुसत म्हणाले, "हिनं पाठवला. अंगणात अडचण होते." पाणी प्याले आणि गेले. पुढे कितीतरी वर्षं या दोघांची गाठ पडे, तेव्हा ते हवापाण्याबद्दल बोलत, पण त्या मे महिन्याबद्दल कधीच बोलले नाहीत.

सत्याहत्तर साली यांना नोकरीवर परत घेतलं. पहिल्या दिवशी कॉल घेऊन आला तो भिकाच. दोनदा टकटक, मग थांबून एकदा. मी दारात आंबोळी पुढे केली तर त्यानं हात मागे घेतला. मी ती त्याच्या सायकलच्या पिशवीत घातली. त्यानंतर तो पहिल्यासारखा खाऊ लागला. निवृत्त झाल्यावर धुळ्याकडे गेला आणि तिकडेच वारला. रुखमाच्या मुलानं पुढे तो मळाच विकत घेतला. राऊळ फौजदार मला परत कधी दिसले नाहीत. परुळ्याला गेले की मी विचारायची, पण सावंतवाडीत राऊळ पुष्कळ. हे जाऊन आता बरीच वर्षं झाली. शैला पुण्यात असते, तिचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत.

मी नातवाकडे नाशिकला असते. नातसून नोकरी करते, हुशार आहे. रविवारी ती मफिनचं पीठ कालवून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी पोरांच्या शाळेच्या घाईत चार-चार भाजून देते. मला म्हणते, "आजी, ही माझी आयडिया." मी बरं म्हणते. रगडा बाल्कनीत आहे. महिन्यातून एकदा मी त्यावर मूठभर वाटते, हात चालतो तोवर.

फालक गार्ड आधी गेले आणि मग द्वारकाताई. तिच्या शेवटच्या आजारात मी तिला भेटायला गेले होते. तोवर आमचं बोलणं कधीचंच सुरू झालं होतं, पण हा विषय मी काढला नव्हता. त्या दिवशी काढला. त्या सकाळी तू टोप घेऊन नेमकी कशी आलीस, तुला कसं कळलं, असं विचारलं. ती पडल्या पडल्या हसली. ती आंबोळी पोटात ठेवताना जीव जायची वेळ आली होती, म्हणाली. मागाहून मोरीत जाऊन किती चुळा भरल्या, त्याला गणती नाही.

"पण कळलं कसं?" मी पुन्हा विचारलं.

"रोज संध्याकाळी पाटा वाजायचा तुहा," ती म्हणाली. "दोघींचं पीठ वाटायला इतका वेळ लागतो का? मी पहिल्याच दिवशी समजली. म्हटलं, रगडा इथं पडला आहे अन् ही बया पाट्यावर हात मोडून घेऊ राहिली."

"मग हाक का नाही मारलीस?"

तिनं डोळे मिटले. मग तशीच म्हणाली, "तू तरी कुठं मारली? माहा रगडा तुला ऐकू येत नव्हता का? भिंतीला काय एकाच बाजूनं ऐकू येतं वं?"